सेवेचाही हिशेब हवा

संगीत महोत्सवाच्या जमाखर्चात कलावंतांची बिदागी असते, मांडवाचे आणि ध्वनिक्षेपकांचे भाडे असते, परवान्यांचे शुल्क असते, आणि पुरस्कर्त्या कंपन्यांची नावे तर स्मरणिकेच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झळकत असतात; परंतु ज्यांच्यावाचून पहिल्या दिवशीचे पहिले दारसुद्धा सुरळीत उघडायचे नाही, त्या स्वयंसेवकांच्या श्रमाची नोंद मात्र त्या जमाखर्चात कोठेही आढळत नाही. शंभर रुपये देणाऱ्याला पावती मिळते. शंभर तास देणाऱ्याला फार तर एक बिल्ला मिळतो आणि समारोपाच्या भाषणात एका वाक्यात आभार मिळतात. माझे म्हणणे एवढेच की, स्वयंसेवकाचे श्रम ही देणगी आहे असे आपण मानत असू, तर इतर कोणत्याही देणगीप्रमाणे तिची नोंद, तिचा विनियोग आणि तिच्याविषयीची जबाबदारी ही आयोजकांनी लोकांपुढे मांडलीच पाहिजेत.

आपल्याकडील या सेवेचा उगम उदात्त आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात जो उत्सव सुरू केला, तो रमणबागेच्या मैदानावर वाढला, २०१८ साली मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलात गेला आणि आता गुरुशिष्य दोघांच्याही नावाने ओळखला जातो. शिष्याने गुरुऋण फेडण्यासाठी मांडलेल्या अशा उत्सवात आपणही चार कामे करावीत, सतरंज्या अंथराव्यात, दार सांभाळावे, असे शहरातील तरुणांना वाटावे, यात नवल नाही. ज्या समाजात गणेशोत्सवाच्या मंडळापासून गावच्या जत्रेपर्यंत सर्व काही वर्गणीवर आणि हौसेवर चालत आले, तेथे अशा सेवेचा मोबदला मागणे हेच मुळी कमीपणाचे वाटते. परंतु सेवा करणाऱ्याने मोबदला न मागणे ही एक गोष्ट झाली, आणि सेवा घेणाऱ्याने तिची किंमत न जाणणे ही अगदी वेगळी.

ही किंमत काय असते, हे मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या एखाद्या विशीतल्या मुलाकडे पाहिले म्हणजे कळते. आत विलंबित ख्याल रंगात आलेला असतो. बाहेर खांद्यावर शाल आणि बगलेत उशी घेतलेले एक वयोवृद्ध गृहस्थ, ‘तुझ्या जन्माआधीपासून येतोय मी इथे, मला अडवणारा तू कोण?’ असे विचारीत असतात. आणि तो मुलगा हातातली विजेरी खाली धरून, आवाज न चढविता, ‘काका, एवढा ख्याल होऊ द्या, मग मी स्वतः तुम्हाला जागेवर नेऊन बसवतो,’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगत असतो. दोन पाठींमधली जेमतेम पावलाएवढी वाट मोकळी ठेवणे, घेरी आलेल्या आजींना बाहेर काढणे, चुकलेल्या पोराला त्याच्या आईपर्यंत पोचविणे, आणि हे सर्व गाण्यात व्यत्यय न आणता करणे, हे त्याचे काम. ज्याची नेमणूक मंचाच्या पायथ्याशी होते त्याला तर गायकाकडे पाठ करूनच उभे राहावे लागते, कारण त्याने पाहायचे असते ते श्रोत्यांकडे. तेव्हा ‘त्यांना गाणे फुकट ऐकायला मिळते ना!’ हा जो युक्तिवाद आयोजक नेहमी करतात, तो फारसा टिकत नाही.

मग सेवा कोठे संपते आणि वेठबिगार कोठे सुरू होते? माझ्या मते याची कसोटी सोपी आहे: शिल्लक कोणाच्या तिजोरीत जाते ते पाहावे. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड येथे १९७१ पासून भरणारा महोत्सव सुमारे तीस हजार स्वयंसेवकांच्या बळावर उभा राहतो. परंतु तो नफ्यासाठी चालत नाही आणि त्याची शिल्लक मानवतावादी व सांस्कृतिक कार्यांना वाटून दिली जाते. इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवासाठी ऑक्सफॅम ही दुष्काळनिवारणाचे कार्य करणारी संस्था आपले स्वयंसेवक पाठविते आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला महोत्सवाकडून संस्थेच्या कार्यासाठी घेते. स्वयंसेवकाने आगाऊ अनामत भरायची, ठरलेल्या पाळ्या पुऱ्या करायच्या, आणि अनामत परत घ्यायची, असा तेथला शिरस्ता आहे. त्याचा घाम कोणत्या कारणी लागला, हे त्याला ठाऊक असते. त्याच न्यायाने, एखाद्या गुरूच्या स्मरणार्थ चालणाऱ्या, ना-नफा मंडळाच्या उत्सवात फुकट राबणे ही सेवा ठरेल. पण हजारो रुपयांची तिकिटे विकणाऱ्या आणि मद्याच्या व मोटारींच्या जाहिरातींनी मैदान मढविणाऱ्या व्यापारी जलशासाठी महाविद्यालयीन मुलामुलींना एक सदरा आणि एक प्रमाणपत्र देऊन रात्री उशिरापर्यंत उभे करणे, याला ‘अनुभव’ असे कितीही गोंडस नाव दिले तरी तो मजुरी बुडविण्याचाच प्रकार होय.

हिशेबाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, कारण ती जिवाशी गाठ घालते. १९६९ साली अमेरिकेत चार महिन्यांच्या अंतराने दोन जलसे झाले. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या जलशात सुमारे चार लाखांचा जमाव लोटला असता, ‘हॉग फार्म’ नावाच्या एका समूहाच्या माणसांनी कोणावरही हात न उगारता, गोड शब्दांनी आणि अन्नाच्या पंगतींनी तो जमाव सांभाळण्यास मोठा हातभार लावला. उलट ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील आल्टमाँट येथे मंचाभोवतीचा बंदोबस्त ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीच्या हाती गेला आणि वादन चालू असतानाच मेरेडिथ हंटर हा १८ वर्षांचा तरुण भोसकला जाऊन मरण पावला. बंदोबस्त म्हणजे दांडगाई अशी ज्याची समजूत असेल, त्याला दाराशी उभा करणे किती महागात पडते, याचा हा दाखला आहे. पण नुसती सज्जनताही पुरत नाही. रॉस्किल्डसारख्या सुव्यवस्थित महोत्सवातसुद्धा ३० जून २००० च्या रात्री मंचापुढील रेट्यात नऊ तरुण गुदमरून गेले. आणि आपल्या देशात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात, विद्यार्थ्यांनी भरविलेल्या उत्सवातील गाण्याच्या कार्यक्रमापूर्वी, खुल्या प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर झालेल्या चेंगराचेंगरीत चौघांचे प्राण गेले. माणसांचा लोंढा कोठे अडतो, दार केव्हा उघडायचे, कार्यक्रम थांबवा असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, ही माहिती दाराशी उभ्या असलेल्या मुलाला आधी दिलेली नसेल, तर त्याच्या गळ्यातला बिल्ला निरुपयोगी आहे.

असा अधिकार आणि अशी शिस्त परदेशातूनच आणली पाहिजे असेही नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात, आणि चोपदाराने दंड उंचावताच टाळमृदंगांचा तो कल्लोळ थांबून हजारो वारकरी निःशब्द होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र आपले टाळ वाजवीत राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, हरवल्या-सापडल्या वस्तूंची सूचना दिली जाते, आणि नंतरच आरती होते. गर्दीला आवरणाऱ्याचा अधिकार आणि गर्दीतल्या माणसाचा तक्रारीचा हक्क हे दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी मान्य करणारी ही व्यवस्था महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली असताना, आपल्या महोत्सवांत स्वयंसेवकाने आपले गाऱ्हाणे नेमके कोणापुढे न्यावे हे त्यालाच ठाऊक नसावे, ही शोचनीय गोष्ट आहे.

तेव्हा मागणे फार नाही. नेमणुकीचे पत्र लेखी असावे आणि त्यात कामाचे तास, विश्रांती, जेवण व विमा यांचा उल्लेख असावा. उत्सवाच्या आधी एक दिवस सर्वांना मैदानावर नेऊन दारे, पायऱ्या, रुग्णवाहिकेची वाट आणि वीज गेल्यास करावयाची तजवीज प्रत्यक्ष दाखवावी. कायद्याने ध्वनिक्षेपक रात्री दहाला, आणि सवलतीच्या मोजक्या दिवशी बाराला, बंद होतो. पण स्वयंसेवकाचे काम श्रोते घरी पोचू लागल्यावरही संपत नाही, तेव्हा विशेषतः मुलींच्या परतीची सोय आयोजकांनी स्वतःच्या खर्चाने करावी. अंगझडती, दारुड्यांना आवरणे आणि मारामारी सोडविणे ही कामे पगारी, परवानाधारक रक्षकांची व पोलिसांची आहेत. ती हौशी पोरांच्या गळ्यात घालू नयेत.

या हक्कांबरोबर स्वयंसेवकाचे कर्तव्यही आलेच. बिल्ला मिळाला म्हणून मामा-मावशींना मागल्या दाराने आत घेणे, किंवा आवडता गवई मंचावर येताच नेमून दिलेली जागा सोडून पुढे जाऊन बसणे, हा विश्वासघात होय. ज्याला गाणेच ऐकायचे असेल त्याने सरळ तिकीट काढावे. आणि श्रोत्यांनीही, विशेषतः ‘मला ओळखत नाहीस का?’ हा प्रश्न ज्यांच्या जिभेवर सदैव तयार असतो अशा प्रतिष्ठितांनी, दाराशी उभा असलेला मुलगा आयोजकांचा शिपाई नसून आपल्यासारखाच गाण्याचा प्रेमी आहे, हे ध्यानात ठेवावे.

हे सारे अमलात येते की नाही हे पाहण्याचा एक साधा मार्ग सुचवितो. यंदाच्या डिसेंबरात जी जी मंडळे संगीतोत्सव भरवतील, त्यांनी आपल्या स्मरणिकेत पुरस्कर्त्यांच्या यादीशेजारीच एक ओळ छापावी: इतक्या स्वयंसेवकांनी मिळून इतके तास काम केले, आणि उत्सवाची शिल्लक अमुक कार्यासाठी खर्च झाली. ज्यांना ही ओळ छापता येईल, त्यांच्या दारी पुढल्या वर्षीही तरुण आपण होऊन येतील. ज्यांना ती छापण्याचा संकोच वाटेल, त्यांनी रोजंदारीवर माणसे नेमावीत आणि त्यांना रीतसर मजुरी द्यावी.