हरळी मेलेली नाही!



मेन बिल्डिंगसमोरचं लॉन मेलं, अशी बातमी सध्या मेसपासून स्टाफरूमपर्यंत सगळीकडे आहे. मार्चपासून पाणी तुटलं, एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर गेला आणि मे संपता संपता ती सगळी जागा भाजलेल्या पापडासारखी दिसायला लागली. आता म्हणे ते सगळं खणून काढणार आणि नर्सरीतून मेक्सिकन गवताचे तयार तुकडे आणून अंथरणार. कधी? तर पावसाच्या आधीच. कारण ॲडमिशनला पालक येतील तेव्हा कॅम्पस हिरवागार दिसला पाहिजे!

माझं म्हणणं एवढंच आहे, की कृपा करून खणू नका.

मी पडले कॉन्व्हेंटची. त्यामुळे ‘कीप ऑफ द ग्रास’ अशी पाटी असते ते लॉन, इतकीच माझी ओळख. त्या गवताला हरळी म्हणतात हे मला आजीने सांगितलं. आजी माण तालुक्यातली, म्हणजे दुष्काळ तिच्या घरचाच पाहुणा. शेतकऱ्याच्या लेखी हरळी हे तण, आणि तेही महाचिवट. "हरळी आपसूक मेलेली कुनी बघितलीय का गं?" हा तिचा प्रश्न. बॉटनीवाले तरी वेगळं काय सांगतात? पाणी तुटलं की हे गवत वरची पानं वाळू देतं आणि जमिनीखालच्या कांड्यांमध्ये जीव धरून बसतं. विश्वास नसेल तर खुरप्याने दोन बोटं माती उकरून बघा. कांडी पांढरट, टणक आणि लवचीक असेल तर ती जिवंत. तपकिरी होऊन काडीसारखी कट्कन मोडली तर गेली. मी आणि आपले माळीमामा, आम्ही दहा ठिकाणी उकरून बघितलं. आठ ठिकाणी कांडी जिवंत!

आता गंमत बघा. शेतात हरळी मारायची असेल तर शेतकरी भर उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, म्हणजे कांड्या वर येऊन उन्हात वाळतात. आपण नेमकं तेच करायला निघालोय, आणि वर त्याला ब्युटिफिकेशन म्हणतोय.

पाण्याचा हिशोब तर त्याहून वाईट. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपलं लॉन साधारण ४० बाय २५, म्हणजे १००० चौरस मीटर. नवीन गवत रुजेपर्यंत रोज ५ मिलिमीटर धरा. झाले ५००० लिटर, रोज! हॉस्टेलमध्ये माणशी १३५ लिटर धरतात (आयएस ११७२, सिव्हिलवाल्यांना पाठ असेल). म्हणजे ३७ जणांचं दिवसाचं पाणी जमिनीत. आणि आमच्या मजल्यावर सकाळी आठनंतर नळाला फक्त आवाज येतो.

एप्रिल २०१६ आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. आम्ही तेव्हा शाळेत होतो, मॅच गेली म्हणून हळहळलो होतो. पण मैदानावरचं गवत आधी की माणसाची घागर आधी, हा प्रश्न तेव्हाच विचारून झालाय.

राहिल्या त्या दोन मेलेल्या जागा. दोन्ही कुठे, तर लायब्ररीकडून मेसला जाणाऱ्या शॉर्टकटवर! सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये प्रॉक्टर टेस्टला आपण मातीचे तीन थर करून प्रत्येकाला २५ ठोके देतो. तिथे रोज शेकडो चपला हेच काम फुकटात करतात. अशा दाबलेल्या मातीत ना पाणी मुरत ना हवा जात. तिथे मेक्सिकनच काय, स्वर्गातला पारिजातकही जगणार नाही. (लोक शॉर्टकट सोडणार नाहीत हे मान्य. मग तिथे सरळ फरशा टाका ना!)

मग करायचं काय? पावसापर्यंत जवळजवळ काहीच नाही. फार तर वाळत चाललेल्या कडांना आरओच्या नळीचं पाणी द्यावं, नाहीतरी ते गटारातच जातं. हरळी थोडा खारटपणा सहन करते आणि पावसात क्षार धुऊनही जातात. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की दाबलेल्या भागात पहारीने वीतभर अंतरावर भोकं पाडायची आणि चाळलेलं शेणखत नि वाळू यांचा अगदी पातळ थर पसरायचा. युरिया टाकायचाच तर हिरवे कोंब दिसल्यावर, तोही बेताने. कोरड्या गवतावर टाकला तर उरलंसुरलं जळेल. मशीन लगेच फिरवायचं नाही. गवत चार-पाच बोटं वाढू द्यायचं आणि एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. मोकळ्या जागेत आधी गाजरगवत उगवेल, ते फुलावर यायच्या आत उपटायचं. यासाठी एनएसएसचे वीस जण आणि दोन रविवार पुरेत. हे सगळं मला माळीमामांनी सांगितलं. त्यांना कमिटीत कुणी विचारलेलंच नाही, कारण कमिटीत माळी नसतो.

आणि हो, हरळी म्हणजेच दूर्वा. दर गणपतीला हॉस्टेलच्या आरतीसाठी आपण २१ ची जुडी याच लॉनवरून खुडतो. मेक्सिकन अंथरलं तर बाप्पाला काय सांगणार, इंपोर्टेड आहे?

तेव्हा सर, एजन्सीचं ते कोटेशन जुलैच्या शेवटापर्यंत फाइलमध्येच राहू द्या. चांगला पाऊस झाल्यावरही ज्या जागी कोंब फुटणार नाही तेवढीच जागा मोजा. ती भरायला शेजारच्या हरळीच्याच कांड्या लावता येतील, मामा लावून देतो म्हणालेत.