गोरेगांवचें पंचकोनी कडें

आंव पडूं लागली कीं घरांतील वडीलधाऱ्यांस कुडा आठवतो आणि तरुणांस दुकानांतली गोळी. कुटजारिष्टाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. पण आज लिहावयाचें आहे तें गोळीविषयीं. तिच्या कुळांतील एक औषध आपल्या गोरेगांवीं जन्मास आलें, हें अंधेरी-बोरिवलीच्या मंडळींसही क्वचितच ठाऊक असतें.

अणूंच्या कड्यांत कार्बनाखेरीज दुसऱ्या मूलद्रव्याचा अणु शिरला, म्हणजे त्यास विषमचक्रीय म्हणतात. इमिडॅझोल हें असें इवलेंसें कडें : तीन कार्बन, दोन नायट्रोजन. नायट्रो गट बसलेलें असें एक कडें १९५३ सालीं जपानांत सूक्ष्मजंतूपासून मिळालें. त्याच धाग्यावरून पुढें फ्रान्समध्यें मेट्रोनिडॅझोल निघालें. तत्पूर्वीं एमेटिनचीं इंजेक्शनें देत, आणि हृदयास अपाय होईल या भीतीनें रोग्यास अंथरुणांत निजवून ठेवीत!

या कड्याची युक्ति मोठी नामी. आंवेचा जंतु मोठ्या आंतड्यांत, जेथें प्राणवायु जवळजवळ नाहीं, तेथें राहतो. तो आपण होऊन नायट्रो गटास इलेक्ट्रॉन देतो, आणि त्यांतून जें उग्र द्रव्य निपजतें तें त्याचेंच जनुकद्रव्य तोडतें. आपल्या पेशींत प्राणवायु असतो. तो हा इलेक्ट्रॉन काढून घेतो व विष तयारच होत नाहीं. भस्मासुरानें स्वतःच्याच मस्तकीं हात ठेवावा, तसा हा प्रकार.

१९६३ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें गोरेगांवीं सीबा कंपनीचें संशोधनकेंद्र उघडलें. कंपनी स्विस, पण संचालक मद्रासचे प्राध्यापक गोविंदाचारी. तेथें के. नागराजन् व त्यांचे सहकारी यांनीं नायट्रो-कड्यास दुसरें एक पंचकोनी कडें जोडून सॅट्रानिडॅझोल सिद्ध केलें. रोग आपल्या घरचा, तेव्हां त्यावर आपल्याच गांवीं डोकें चालावें, याचें आम्हांस विशेष वाटतें. तें केंद्र पुढें बंद पडलें, ही गोष्ट निराळी.

परंतु एक गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी. या कुळांतील औषधें आंतड्याच्या भिंतींत शिरलेल्या जंतूंस मारतात. पोकळींत उरलेल्या कोशांवर तीं फारशीं चालत नाहींत. म्हणून डॉक्टर मागाहून दुसरें औषध देतात. जुलाब थांबले कीं पुष्कळ लोक तें घेतच नाहींत. मग मनुष्य दिसावयास ठणठणीत, पण शौचावाटे कोश पडतच असतात. आणि एकत्र कुटुंबांत हात नीट न धुतां तोच पंधरा पानें वाढीत असतो.