दुकानातला संगणक आणि आपली कागदपत्रं

प्रवेशाचा हंगाम आला की कांदिवली स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. संगणक एकच. आधार, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, सगळं त्याच्या ‘डाउनलोड्स’मध्ये साठत जातं. परवा एका दुकानात माझी फाइल सापडेना म्हणून तिथल्या मुलाने शोधखिडकीत ‘आधार’ टाइप केलं आणि पडद्यावर अनोळखी माणसांच्या फाइलींची यादी उलगडली. मी मान फिरवली, पण तोवर दोन-तीन नावं वाचून झाली होती.

त्या मुलाला मी दोष देत नाही. शोध नसेल तर रांग हलणार नाही. प्रश्न जुनाच आहे. 2004 साली ‘गूगल डेस्कटॉप’ हे संगणकातलं शोधून देणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते फाइलींबरोबर पाहिलेली वेबपानंही नोंदवून ठेवायचं. एकाच खात्यावर घरातले चौघे बसत असतील, तर एकाचं दुसऱ्याला सहज सापडे. त्यावर तेव्हाही टीका झाली.

ई-आधारला कुलूप असतं हे खरं. पण नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष हीच त्याची किल्ली, आणि शेजारीच पडलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन्ही छापलेलं असतं!

उपाय दुकानदाराच्या हातातला आहे. गिऱ्हाइकासाठी वेगळं खातं, छपाईच्या फाइलींसाठी एकच फोल्डर, शोध तेवढ्यापुरताच, आणि रात्री शटर ओढण्याआधी तो फोल्डर रिसायकल बिनसकट रिकामा. आपणही पैसे देताना एवढं म्हणावं: “दादा, माझी फाइल माझ्यासमोर डिलीट करा.”