जायचे त्याला जाऊ द्या, राहायचे त्याला जगू द्या



कापसाची उलंगवाडी झाली की गावोगाव एकच चर्चा सुरू होते. यंदा पऱ्हाटी उपटून पुन्हा पेरणीच्या तयारीला लागायचे, की गावच सोडायचे? थोरल्याला चाकणला धाडायचे का? धाकट्याने सुरत गाठायची का? की घराला कुलूप लावून सगळ्यांनीच नागपूर-पुण्याचा रस्ता धरायचा? जिल्ह्याच्या बैठकीत भावाची चर्चा होते, कर्जाची होते, विजेची होते. हा प्रश्न मात्र चहाच्या टपरीवर राहतो. घरोघरचा खाजगी प्रश्न म्हणून आपण तो बाजूला टाकतो. आमचे म्हणणे असे की हा खाजगी प्रश्न नाही. सरकारी धोरणाने शेतकऱ्याच्या दारात आणून टाकलेला हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बैठकीतच शोधले पाहिजे.

दोन उपदेश, दोन्ही फुकटचे

पहिला उपदेश असतो, 'काळ्या आईला सोडून जाऊ नका.' हा उपदेश सत्काराच्या मंचावरून होतो, कृषी दिनाला होतो, निवडणूक आली की जरा जास्तच होतो. उपदेश करणाऱ्याची स्वतःची मुले कुठे राहतात, एवढेच विचारून पाहा. वकिलाच्या मुलाला कोणी म्हणत नाही की तालुक्याच्या कोर्टाशी इमान राख. दुकानदाराच्या मुलाने धंदा बदलला तर त्याचे कौतुक होते. शेतकऱ्याच्या मुलाने गाव सोडले की मात्र ते मातीशी बेइमानी ठरते. आई कोणी सोसायटीत गहाण टाकत नाही. आपली जमीन सोसायटीत गहाण आहे. जमीन हे पोट भरण्याचे साधन आहे. त्या साधनाने पोट भरत नसेल तर माणूस दुसरे साधन पाहणारच.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. शेतकऱ्यांची मुले तिथे शिकली. आम्हीही कृषी पदवीधरच. पदवी घेऊन घरच्या धुऱ्यावर परत गेलेली मुले किती? माती, पीक, खत, किडी यांचे शास्त्र ज्यांनी चार वर्षे घोकले, त्यांनाच त्या शेतीत उभे राहवत नसेल, तर ज्याला सातवीतून शाळा सोडावी लागली त्याने कोणत्या बळावर उभे राहावे?

दुसरा उपदेश याच्या उलट. 'शेतीवर माणसे फार झाली, शेती सोडा, शहरात या.' हा उपदेश शिकलेले लोक आकडे दाखवून करतात. आकडे खोटे नाहीत. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषी गणनेत एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर भरली. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले, तेही बहुतांश कोरडवाहू. एवढ्यावर दोन भावांचे संसार चालत नाहीत, हे मान्य. पण शहरात या म्हणणाऱ्यांच्या शहरात आमच्या माणसासाठी कोणती जागा राखली आहे?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. त्यांतले कितीतरी गावाकडे परतले आणि गिरण्यांच्या जागेवर टोलेजंग इमारती उठल्या. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा शहरांनी चार तासांत कामगारांची कामे बंद केली. लोक शेकडो कोस चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले होते, जालन्याहून घराकडे निघाले होते. शहराला हात हवे असतात, पोट नको असते. त्या दिवसांत ज्याचे गावात घर आणि शेताचा तुकडा होता तो तगला. तुकडा विकून गेला होता त्याला परतायला ठिकाण नव्हते. ही गोष्ट 'शहरात या'च्या हिशेबात कधी धरली जात नाही.

राहा म्हणणारा आणि जा म्हणणारा, दोघेही एका गोष्टीबद्दल गप्प असतात. ती गोष्ट म्हणजे भाव.

आधी कापूस गेला, मग माणूस

अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर इंग्रजांच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खास कापसासाठी खामगावचा फाटा निघाला. मुंबईच्या गिरण्या आपल्या कापसावर चालल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. कापूस जिथे गेला तिथे रोजगार गेला, आणि रोजगार गेला तिथे आता आपला पोरगा चालला आहे. पैका ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने माणूस जातो.

इंग्रज गेल्यावर तरी वाट बदलली का? १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी आली आणि पुढची तीस वर्षे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आपला कापूस आपल्या मर्जीने विकण्याची मुभा नव्हती. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर चौक्या. एकाधिकार गेला, वृत्ती गेली नाही. ५ मार्च २०१२ रोजी कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. बोंब झाली तेव्हा काही दिवसांत ती मागे घेतली, पण घसरलेल्या भावात ज्याने गाडी रिकामी केली त्याला फरक कोणी दिला नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला. आणि पऱ्हाटीला बोंडे धरत असताना, १९ ऑगस्ट २०२५ पासून, परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर काढून टाकला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हटले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला सीतादहीचा कापूस बाजारात येण्याचा काळ. गिरणीवाल्याला बाहेरची गाठ स्वस्त मिळाली की खेड्यातला व्यापारी भाव पाडणार, हे सांगायला पदवी लागत नाही. मग शेतकऱ्याने सरकारी केंद्राच्या रांगेत उभे राहायचे. तिथे ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला तर माल परत, ८ च्या वर भरला तर भावात कपात.

ज्वारीचेही तेच. संकरित ज्वारी आली, पीक वाढले. ऐन कापणीत पाऊस आला की दाणा काळा पडतो आणि काळ्या दाण्याला बाजारात कोणी विचारत नाही. उरलेले रोही आणि रानडुकरांचे. भाव नाही म्हणून ज्वारी गेली. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल गेले, बैल गेले म्हणून शेणखत गेले. मग नांगरटी भाड्याची, खत उधारीचे आणि घरात खायला विकतचे धान्य. गाव सोडण्याची पहिली पायरी एस.टी. स्टँडवर नसते. ती रिकाम्या गोठ्यात असते.

२००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ४० टक्के शेतकऱ्यांनी सांगितले होते की दुसरा मार्ग मिळाला तर आम्ही शेती सोडू. २०१८-१९ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यांत मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे सात-बाऱ्यावर शेतकरी आणि पोटाने मजूर. घर गावातच आहे, पण शेती केव्हाच सुटली आहे.

दाराला कुलूप कोणी लावले?

बरे, एखाद्याने ठरवले की जायचे. जाता येते का? आपल्याकडचे कुळकायदे मराठवाड्यात १९५० चे, विदर्भात १९५८ चे आणि खानदेशासह इतर भागात १९४८ चे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर सरकारी परवानगी लागते. १९६१ च्या सीलिंग कायद्याने जिरायतीला आज ५४ एकरांची मर्यादा आहे. कारखानदाराने किती कारखाने काढावेत याला मर्यादा नाही. मग आपली जमीन घेणार कोण? आपल्याच शेजारचा, आपल्यासारखाच कर्जात बुडालेला शेतकरी. गिऱ्हाईक कमी म्हणून जमिनीचाही भाव पडलेला.

कोणी म्हणेल, बंधने काढली तर पैसेवाले जमिनी गिळतील. ही भीती खरी आहे. पण पैसेवाल्याला शेतकरी असल्याचा दाखला मिळवण्याचे मार्ग आजही सापडतात, सापडत नाही तो गरजू शेतकऱ्याला भाव. म्हणून आम्ही विक्रीच्या आधी बटईचा प्रश्न मांडतो. विकण्याची पाळीच येऊ नये, हा त्याचा अर्थ.

दोन भावांची गोष्ट घ्या. धाकटा कारखान्यात लागला, थोरला दोन्ही वाटे कसतो. लेखी करार करावा तर कुळाचा हक्क लागेल ही भीती. म्हणून सारे तोंडी, बटईने नाही तर ठोक्याने. कर्ज ज्याचा सात-बारा त्याला. विमा त्याच्या नावाने, गारपिटीची भरपाई त्याच्या खात्यात. राबणारा मोकळा. भाऊ भाऊ असेपर्यंत निभते. परका बटईदार असेल तर बांधावर खताची पाटीही टाकत नाही, कारण पुढच्या साली शेत आपल्याकडे राहील याची खात्री नसते. अशाने जाणाऱ्यापुढे तीनच वाटा उरतात: पडीक टाक, विकून टाक, नाही तर जाऊच नको. तात्पुरते जाऊन पाहावे, जमले तर राहावे, नाही जमले तर परतावे, ही शहाणपणाची वाट कायद्यानेच बंद केली आहे.

आणि बायांचे काय? गडी शहरात जातो तेव्हा शेती कोण करते? डवरणी, निंदण, वेचणी, गुरे, सोसायटीचे हेलपाटे, सारे घरची लक्ष्मी करते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा दिला. पण नवऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सात-बाऱ्यावर आपणच चढवत नाही. मग तलाठी तिला विचारतो, 'मालक कुठे आहेत?' जाण्या-राहण्याचा निर्णय घरात होतो तेव्हा तिला चहा करायला आत पाठवू नका. मागे राहून सोसणार ती आहे. पहिला शब्द तिचा.

हिशेब असा मांडा

निर्णय ज्याने त्याने करायचा आहे. आम्ही फक्त हिशेबाची रीत सांगतो.

एक. एका सालाचा भाव धरू नका. २०२१-२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला, त्या सालावर संसार बेतू नका. पाच सालांची पाने लिहून काढा.

दोन. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरा. तुमचा घाम फुकट नाही.

तीन. कडबा, कुटार, तुराट्या, घरची ज्वारी-तूर, दूध हे जमेच्या बाजूला लिहा. शहरात यातले प्रत्येक विकत घ्यावे लागते.

चार. शहराच्या बाजूला पगार लिहू नका, शिल्लक लिहा. खोलीचे भाडे, ठेकेदाराचा वाटा, बिनकामाचे दिवस, दवाखाना, सणाला गावी येण्याचे भाडे वजा करा.

पाच. परतीची वाट ठेवा. पहिली काही साले जमीन विकू नका.

नमुन्यासाठी धरून चालू: पाच एकर, एकरी चार क्विंटल, भाव ८,११०. वीस क्विंटलचे १,६२,२०० रुपये. एकरी १८,००० प्रमाणे खर्च ९०,०००. उरले ७२,२००, म्हणजे महिन्याला सहा हजार. आता भाव हजाराने पाडला तर उरले ५२,२००. पाऊस सारखाच, मेहनत सारखीच, बियाणे तेच. फक्त दिल्लीतल्या एका कागदाने वीस हजार गेले. त्या वीस हजारांत कोणा घरच्या मुलीचे पुढचे शिक्षण होते, कोणा घरच्या बैलजोडीचा एक बैल होता. तुमच्या गावचे आकडे घाला आणि बैठकीला वही घेऊन या.

ही वही भरली की दिसेल, गाव आपण सोडत नाही, आपल्याला सोडायला लावले जाते. ज्याला रंगारी व्हायचे, मोटार चालवायची, इंजिनिअर व्हायचे, त्याने खुशाल जावे, वाजतगाजत जावे. पळून जाणे वेगळे आणि निघून जाणे वेगळे. आमचे भांडण त्या धोरणाशी आहे, जे शेतकऱ्याला राहू देत नाही आणि धड जाऊही देत नाही.

जिल्ह्याच्या बैठकीत हे ठराव मांडावेत:

कापसाच्या आयात-निर्यातीचे धोरण पेरणीच्या आधी जाहीर करावे, हंगाम संपेपर्यंत त्यात हात घालू नये.

जमीन लेखी करारावर कसायला देण्यास मोकळीक द्यावी. मालकाची मालकी अबाधित राहावी, आणि कर्ज, विमा व भरपाई कसणाऱ्याला मिळावी.

शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीवरची बंधने कोणाच्या फायद्याची आहेत, याचा शेतकऱ्यांसमोर उघड हिशेब व्हावा.

आणि चौथा ठराव सरकारकडे पाठवायचा नाही. तो आपला आपणच पाळायचा. बैठकीहून परतल्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव सात-बाऱ्यावर चढवण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. पुढच्या बैठकीत कोणी दिला आणि कोणी नाही, हे नाव घेऊन विचारले जाईल.