काळे आकाश, खोटा भूतकाळ : मराठवाड्याच्या वास्तू आणि कृष्णधवल छायाचित्रांचा भ्रम

१/ कंधारचा भुईकोट, औशाची तटबंदी, खरोशाची लेणी. समाजमाध्यमांवर यांची कृष्णधवल छायाचित्रे एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसतात : आकाश शाईसारखे काळे, ढग कापसासारखे पांढरे आणि खाली निजामकालीन वातावरणाची ग्वाही. सौंदर्याविषयी तक्रार नाही. तक्रार त्या ग्वाहीविषयी आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील निजामकालीन छायाचित्र असे दिसतच नसे.

२/ एकोणिसाव्या शतकातील काचपट्टीवरचे चांदीचे क्षार निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. निळे आकाश त्यांवर तीव्रतेने उमटे, म्हणून छापलेल्या चित्रात ते कोरे पांढरे येई. तांबड्या वस्तू काळ्या पडत. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून पट्टीची दृष्टी हिरव्यापर्यंत वाढवता येते, हे दाखवले. तांबडा रंगही ओळखणाऱ्या पट्ट्या इंग्लंडमधील ‘रॅटन अँड वेनराइट’ने बाजारात आणल्या त्या १९०६ मध्ये.

३/ सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्येच निवर्तले. त्यांच्या पिढीला पिवळ्या काचेने आकाश थोडे सावरता येई. काळेभोर करता येत नसे. ज्या पट्टीला तांबडे दिसतच नाही, तिच्यापुढे लाल फिल्टर धरणे म्हणजे भिंगावर झाकण ठेवण्यासारखेच. अवरक्त प्रकाशातील निसर्गचित्रे तर रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये जगापुढे ठेवली. दीनदयाळांच्या काळाची नक्कलच करायची असेल, तर हवा निळा फिल्टर, क्रमांक ४७. तो कोणी लावत नाही, कारण त्यातून आकाश फिके येते आणि टाळ्या पडत नाहीत.

४/ यावर ठरलेले उत्तर येते : ही कला आहे, पुरावा नव्हे. मग चित्राखाली राजवंश, शतक आणि स्थळ लिहिण्याचे प्रयोजन काय? इतिहासाचे नाव घेऊन मांडलेले छायाचित्र पुराव्याच्या कसोटीवर तपासलेच जाणार. फिल्टर रंगांतले फरक राखाडी छटांत मांडतो. कोणता फरक दाखवायचा आणि कोणता गिळायचा, हे तोच ठरवतो.

५/ खरोशाची लेणी तांबूस जांभ्या दगडात कोरलेली आहेत. क्रमांक २५ चा लाल फिल्टर लावला की जांभा उजळतो आणि त्यावरचे हिरवे शेवाळ काळवंडते. निळा फिल्टर लावला की तोच खांब गडद, जीर्ण, जळल्यासारखा दिसतो. वस्तू एक, वेळ एक, आणि झिजेविषयीचे निष्कर्ष दोन. फिल्टर नोंदवलेला नसेल, तर यांतला कोणताही निष्कर्ष काढणे हा निव्वळ जुगार आहे.

६/ काळ्या बेसाल्टची गोष्ट याहून निराळी. त्याला रंगच इतका थोडा की फिल्टर बदलून दगडात जवळपास काही बदलत नाही; बदलते ते आकाश आणि गवत. झिजलेल्या शिलालेखाची अक्षरे वर येतात ती तिरप्या उन्हाने किंवा बाजूने धरलेल्या दिव्याने. महागड्या काचेला त्याचे श्रेय देणे ही अंधश्रद्धाच.

७/ शेंदूर लावलेल्या मूर्तीवर मात्र फिल्टरची निवड निर्णायक ठरते. निळ्या वा हिरव्या फिल्टरमध्ये ती काळा गोळा होऊन बसते. नारिंगी किंवा लाल फिल्टरमध्ये शेंदूर उजळतो, सावल्या वाचता येतात आणि उठावाचा अंदाज येतो. शेंदराच्या थराखाली बुजलेले कोरीवकाम मात्र कोणताही फिल्टर परत आणत नाही.

८/ अवरक्त छायाचित्रात जिवंत पाने पांढरी होतात आणि खंदकाचे पाणी काळे. कंधारवर बर्फ पडल्याचा भास होतो, आणि लोकांना आवडतो तो एवढाच. खरा उपयोग दुसरा आहे : तटात मुळे रोवलेला पिंपळ चिऱ्यांपासून स्वच्छ वेगळा दिसतो. त्यासाठी ७२० नॅनोमीटरचा फिल्टर आणि तिपाई लागते. साध्या कॅमेऱ्यात संवेदकापुढे अवरक्त अडवणारी काच असते, म्हणून उद्भासन कित्येक सेकंदांचे होते. मोबाइलमधील ‘इन्फ्रारेड’ प्रभाव हिरव्याला पांढरे करतो एवढेच. ते पान आहे, शेवाळ आहे की रंगवलेले दार, हे त्याला ठाऊक नसते. जो प्रकाश टिपलाच नाही, तो मागाहून निर्माण करता येत नाही.

९/ आणि जिथे अवरक्त खरोखर हवे, तिथे ते कोणी नेत नाही. काजळीच्या शाईने लिहिलेले मोडी कागद नांदेड-लातूरच्या जुन्या घरांत अजून दप्तरांत बांधलेले आहेत. काजळी म्हणजे कार्बन. तो अवरक्त प्रकाश शोषतो, तर पाण्याचे आणि हळदीचे पुष्कळसे डाग त्या प्रकाशात फिके पडतात. डोळ्यांना न लागणारी ओळ तिथे वाचता येऊ शकते. लोहयुक्त शाईला हा नियम लागू नाही. ती स्वतःच फिकी पडते. म्हणून साधे रंगीत छायाचित्र आधी, अवरक्त नंतर.

१०/ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे काही क्षणांत कोसळली. अशा वास्तूची ओळख पुढे कधी छायाचित्रावरच उरते, आणि त्या छायाचित्राने दगडाचा रंग, झीज वा वेल खोटी सांगितली, तर ती चूक दुरुस्त करायला मूळ वास्तू नसते.

११/ म्हणून मागणी छोटी आहे. प्रथम फिल्टरविना रंगीत रॉ फाइल जपावी. लाल-हिरव्या-निळ्या छटांची कृष्णधवल रूपे त्यातून नंतरही काढता येतात. मग प्रश्न ठरवून फिल्टर निवडावा. आणि चित्राखाली राजवंशाच्या नावाआधी तारीख, वेळ, उजेडाची दिशा व फिल्टरचा क्रमांक लिहावा. एवढी एक ओळ ज्याला जड वाटते, त्याने काळे आकाश खुशाल मिरवावे. फक्त त्याला इतिहास म्हणू नये.