कुडाचे घर कच्चे कशावरून?

‘पक्के घर कोणते?’ असे वर्गात विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: विटा-सिमेंटचे, वर स्लॅब असलेले. माती, बांबू आणि लाकूड यांचे घर म्हणजे कच्चे! आपली जनगणनासुद्धा भिंतींचे व छपराचे साहित्य पाहूनच घर कायम स्वरूपाचे की तात्पुरते हे ठरवते. माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे. घर कशाचे बांधले आहे याबरोबरच ते आपला भार कसा पेलते, हेही पाहिले पाहिजे. हे समजून घेण्यासाठी फार दूर जायला नको. वर्धा जिल्ह्यातच त्याचा उत्तम नमुना आहे.

वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी येथे राहावयास आले, तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. आश्रमातील पहिली वास्तू, आदिनिवास, त्याच वर्षी उभी राहिली. पुढे बापूकुटी म्हणून प्रसिद्ध झालेली कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधून घेतली होती. आसपास मिळणारे लाकूड, बांबू, माती आणि कवेलू एवढेच साहित्य. नीट देखभाल होत असल्यामुळे या वास्तू आजही उभ्या आहेत.

अशा घरात दोन कामे दोघांना वाटून दिलेली असतात. कवेलूंचे वजन वाशांवर येते, वाशांचे आढ्यावर व तुळयांवर, त्यांचे खांबांवर आणि खांबांचे जमिनीवर. हा झाला सांगाडा. खांबांमधील मोकळ्या जागेत बांबूच्या कामट्यांचा तट्ट्या विणून बसवतात व त्यावर दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपतात. हा झाला कूड. ऊन, वारा, पाऊस अडवणे एवढेच कुडाचे काम. छप्पर त्याच्यावर टेकलेले नसते. म्हणून कूड खराब झाला तर तेवढाच काढून नवा घालता येतो.

गंमत अशी, की इंग्लंडमधील शेतकऱ्यांची जुनी घरे याच तत्त्वावर बांधलेली आहेत. तिथे सागाऐवजी ओकचा सांगाडा आणि बांबूऐवजी झाडांच्या लवचीक फांद्या. लिंपण मात्र चिकणमाती, शेण आणि गवताच्या काड्या यांचेच! केंट परगण्यातील ‘बेलीफ’ हे पंधराव्या शतकातील शेतघर १९६० नंतरच्या दशकात जलाशयाच्या जागेतून हलवावे लागले. तेव्हा त्याचा सांगाडा सुटा करून ससेक्समधील खुल्या संग्रहालयात पुन्हा उभा करण्यात आला. लाकडे एकमेकांच्या खाचांत बसवून खुंट्यांनी पक्की केलेली असल्यामुळे हे शक्य झाले. स्लॅबचे घर असे हलवता येईल का?

आता एक प्रयोग करा. चार सारख्या काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर हळूच दाबा. चौकोन तिरपा होतो. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी पाचवी काडी लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि आकार घट्ट झाला. सांगाड्यातील तिरप्या आधारांचे रहस्य हेच. घर फिरले की वासे फिरतात, अशी म्हण आहे. बांधकामात क्रम उलटा असतो: आधी वासे फिरतात, मग घर!

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली. तेथील अनेक घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या आणि खूप जाड होत्या. दिसायला त्या भक्कम, पण हादऱ्याने दगड सुटे झाले आणि माणसे त्यांखाली सापडली. ज्या घरांत छपराचा भार आतल्या लाकडी खांबांवर होता, त्यांपैकी काहींची छपरे भिंती ढासळल्यावरही उभी राहिली. काश्मीरमध्ये ‘धज्जी’ नावाची लाकडी चौकटीची घरे आहेत. २००५ च्या भूकंपात त्यांनीही नुसत्या दगडी भिंतींच्या घरांपेक्षा बरा टिकाव धरला. तेव्हा जाडी म्हणजे मजबुती नव्हे.

मग सर्वांनी कुडाचीच घरे बांधावीत का? तसे माझे म्हणणे नाही. लाकडाला वाळवी लागते, आगीची भीती असते, लिंपण वरचेवर करावे लागते आणि साग आता महाग झाला आहे. यातील काही दोषांवर उपाय आहेत: उंच दगडी जोते, भिंतीपासून दूर आलेल्या वळचणी, बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेला बांबू. १९७६ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती, बांबू व कवेलू यांच्या सुधारित वापरावर बरेच काम केले आहे. पण ज्या घराला आपण आधीच ‘कच्चे’ म्हणून निकालात काढले, ते सुधारण्याचा विचार कोण करणार? उलट, सळया कमी आणि वाळू जास्त घालून बांधलेले सिमेंटचे घर केवळ नावाने पक्के ठरते.

म्हणून शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. गावात जुने लाकडी घर पाडले जाणार असेल, तर त्याआधी मुलांना घेऊन तेथे जा. खांबांची अंतरे मोजा, सांध्यांची चित्रे काढा आणि कोणता भार कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवा. गावातील वयस्क सुतार व बुरूड यांना प्रत्येक भागाचे गावातले नाव विचारा आणि लिहून ठेवा. घर पाडल्यावर त्याचे लाकूड विकत मिळेल, पण ते कसे जोडले होते हे सांगणारे कोणी उरेलच असे नाही.