मचाणावरून उतरा, कुदळ घ्या

चैत्र संपत आला की या सदराच्या वाचकांचे फोन सुरू होतात आणि विषय एकच असतो. बुद्धपौर्णिमेच्या प्रगणनेला मचाण मिळेल का? मिळणार असेल तर वाघ हमखास येतो ते मिळेल का? ताडोबा नाही तर मेळघाट, मेळघाट नाही तर राधानगरी, पण पाणवठ्यावरची एक रात्र हवीच. बहुतेक जण मनापासून सांगतात, ‘‘जंगलासाठी काहीतरी करायचंय हो.’’ आज त्या ‘काहीतरी’बद्दल थोडं स्पष्ट बोलतो.

आधी प्रगणनेचं. वैशाखात पाणी आटलेलं असतं, पौर्णिमेचं चांदणं लख्ख असतं आणि उरलेल्या पाणवठ्यांवर जनावर येणारच. तेव्हा चोवीस तास बसा आणि मोजा, असा हा जुना हिशेब. पण एकच गवा दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जातो, चिंकारा पाण्यावाचून दिवसच्या दिवस काढतो आणि आदल्या दिवशी वळवाची सर आली की डबकी भरून सगळंच गणित वाहून जातं. २००५ साली सरिस्कातले वाघ संपल्याचं उघड झालं आणि पंजांच्या ठशांवरून वाघ मोजण्याच्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६ पासून देशाची व्याघ्रगणना कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्रावर उभी राहिली. २०२२च्या फेरीत देशभर ३२ हजारांहून अधिक ठिकाणी कॅमेरे लागले आणि ४ कोटी ७० लाख छायाचित्रं हाती आली. महाराष्ट्रातल्या वाघांचा ४४४ हा आकडा त्या पद्धतीतून आला, मचाणावरच्या आपल्या वहीतून नाही. वनविभागही हे जाणून आहे. म्हणून आता या रात्रीचा ‘निसर्गानुभव’ झाला आहे आणि त्याचं शुल्कही असतं. त्यात गैर काहीच नाही. चांदण्यात पाणवठ्यावर बसण्याचं सुख मोठं आहे. फक्त ते आपलं सुख आहे, त्याला सेवेचं नाव देऊ नये.

मग जंगलाला हवं काय? मेळघाटातलं एक श्रमदान शिबिर सांगतो. सेमाडोहच्या पुढे फोनची रेंज गेली आणि कच्च्या रस्त्याने आम्ही एका उठून गेलेल्या गावाच्या जागी पोहोचलो. वैराट, चुर्णी, कोहा, कुंड अशी मेळघाटातली बरीच गावं गेल्या पंचवीसेक वर्षांत बाहेर वसवली गेली. त्यांच्या शेतांवर गवत यावं, गवतावर सांबर-गवा यावा आणि त्यांच्यामागे वाघ यावा, हा त्यामागचा बेत. आमच्यासमोर जोत्याचे दगड होते, आंब्याची दोन झाडं होती, आणि बाकी जिकडे तिकडे डोक्याएवढी टणटणी. विदर्भात हिलाच रायमुनिया म्हणतात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून आणलेलं हे झुडूप. देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्राला तिचा धोका आहे, असं २०२०चा एक अभ्यास सांगतो. तिच्या दाट सावलीत गवत उगवत नाही. पिकलेली काळी फळं बुलबुल खातात आणि बी पुढच्या टेकडीवर नेऊन टाकतात.

आमच्यातला एक तरुण कोयता घेऊन सपासप सुटला. बीटच्या वनरक्षकाने त्याला दोन मिनिटं कापू दिलं, मग म्हणाला, ‘‘वरतून नोका कापू भाऊ, दुप्पट येते ते.’’ सोबतच्या कोरकू वनमजुराने काही न बोलता कुदळ घेतली. खोड जिथे मुळाला मिळतं, तिथली माती त्याने उकरली. त्या सांध्याच्या दोन बोटं खाली घाव घातला, झुडूप हिसक्याने बाहेर काढलं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवलं. उलटं अशासाठी की ते पुन्हा रुजू नये. फुटवा त्या सांध्यातूनच येतो, म्हणून तोच काढायचा. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटमध्ये ही रीत बसवली. आता ती अनेक जंगलांत रुळली आहे. वनमजुराच्या हातची सहा झुडपं निघाली, तेव्हा आमचं एक निघालं. दुपारपर्यंत आमच्या तळहातांना फोड आले होते आणि तो तेंदूच्या सावलीत निवांत तंबाखू मळत होता.

इथेच खरा प्रश्न उभा राहतो. तो माणूस जे काम सहापट वेगाने करतो, ते आम्ही फुकटात आणि वाईट का करावं? कोरकू माणसाला गावात मजुरी मिळत नाही म्हणून तो परतवाड्यापासून परमुलखापर्यंत भटकतो. शहरातून आलेल्या हौशी हातांनी त्याचा रोज खाल्ला, तर त्या श्रमदानाचं पुण्य कुणाच्या खाती जमा करायचं? शिवाय आमची ने-आण, आमचं जेवण, आमच्या राखणीला दोन माणसं. एवढ्या खर्चात चार मजुरांचे रोज सहज सुटले असते.

तरीही शिबिरं बंद करा असं मी म्हणणार नाही. फक्त त्यांची बैठक बदलायला हवी. स्वयंसेवकाने शुल्क भरावं आणि त्या पैशातून स्थानिक मजुराचा रोज निघावा. स्वयंसेवकाने त्याच्या हाताखाली काम करावं, त्याच्या जागी नव्हे. दुसरं म्हणजे ज्या कामाला सरकारी निधी सहसा पुरत नाही, ते काम आपण उचलावं. टणटणी एकदा काढली की फोटो निघतो, बातमी येते. पण मातीतलं बी पुढच्या पावसात उगवतं आणि ती रोपं सलग काही वर्षं उपटली नाहीत, तर पहिल्या वर्षाचे पैसे मातीत जातात. कार्तिकात मारवेल, पवना अशा गवतांचं बी हाताने गोळा करून मोकळ्या जागी टाकावं लागतं. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्याआधी जाळरेषा साफ व्हायला हव्यात. संरक्षण कुटीवरचा सौर दिवा बंद पडला, तर तो दुरुस्त करणारा माणूस दीडशे किलोमीटरवरून येणार कधी? तुमच्या गटात इलेक्ट्रिशियन असेल, तर त्याच्या एका दिवसाचं मोल दहा कुदळींहून जास्त आहे.

आणि कोणतं काम करायचं, हे शहरातल्या संस्थेने ठरवू नये. बीटच्या वनरक्षकाने ठरवावं. हा माणूस काय करतो, याची आपल्याला पुरती कल्पना नसते. व्याघ्रगणनेच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक बीटमध्ये तो किंवा ती खुणा शोधत किलोमीटरचे किलोमीटर पायी फिरते, विष्ठा, ओरखडे, ठसे नोंदवते, मग ठरावीक रेषेवर चालत तृणभक्षी मोजते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात हेच काम करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तिच्याबरोबर तीन सहायक होते आणि हातात बंदूक नव्हती. अशा माणसांच्या दारी आपण जातो तेव्हा पाहुणे म्हणून जायचं, आणि निघताना आपलं ताट आपण घासायचं.

वनविभागाला आणि संस्थांना माझी एकच सूचना आहे. नवनवे गट दरवर्षी नव्या जागी नेऊन फोटो काढण्याऐवजी एका गटाला एक तुकडा नेमून द्या. एकरभर का असेना, पण सलग तीन वर्षं त्याच माणसांनी तिथे यायचं. पहिल्या वर्षी झुडपं काढायची, दुसऱ्या वर्षी रोपं उपटायची, तिसऱ्या वर्षी गवत किती आलं ते चौकटी टाकून मोजायचं आणि वनरक्षकाच्या नोंदवहीत लिहायचं. पहिल्या वर्षी चाळीस जण येतील, तिसऱ्या वर्षी सातच उरतील, हे मला दिसतंय. त्या सातांवर जंगलाचं बरंचसं भागेल. प्रमाणपत्र द्यायचंच असेल, तर ते तिसऱ्या वर्षी द्यावं.